मशीनवर एकदाच

हवाई दलाच्या भरतीची जाहिरात हाती आली की उमेदवाराची नजर आधी वयाच्या रकान्यावर जाते. आपण बसतो की नाही, एवढंच त्याला पाहायचं असतं. त्या रकान्याच्या बरंच खाली, अटींच्या गर्दीत, आणखी एक कलम असतं आणि ते बहुतेकांच्या लक्षात उशिरा येतं. वैमानिक योग्यतेच्या चाचणीत पूर्वी नापास झालेला, किंवा अकादमीत उड्डाणाचं प्रशिक्षण चालू असताना काढून टाकलेला उमेदवार फ्लाइंग ब्रँचसाठी पात्र नाही. किती वर्षांनी पुन्हा पात्र होईल, हे तिथे लिहिलेलं नसतं. तो कधीच पात्र होत नाही.

लष्करी वैमानिक व्हायचं राहून गेलेल्या माणसाला पुन्हा अर्ज करता येतो का, या प्रश्नाचं आपल्याकडचं ठरलेलं उत्तर ‘वय गेलं’ असं असतं. उत्तर चुकीचं नाही, पण अपुरं आहे. काही दारं वयाच्या बरीच आधी बंद होतात, काही वय उलटायच्या दिवसापर्यंत उघडी राहतात, आणि एखादं तर गणवेश चढल्यानंतर बाजूने उघडतं.

वयाचं गणित आधी पाहू. एनडीएसाठी साडेसोळा ते साडेएकोणीस. पदवीनंतर सीडीएस किंवा ॲफकॅट या परीक्षांतून फ्लाइंग ब्रँचला जायचं तर २० ते २४. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा चालू व्यावसायिक वैमानिक परवाना हाती असेल, तर ही वरची मर्यादा २६ पर्यंत सैल होते. पंचविशीच्या आतला उमेदवार अविवाहित हवा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हवंच. अकरावीत ‘गणित नको रे बाबा’ म्हणून कला शाखेकडे वळलेल्याला बाविसाव्या वर्षी विमानाची ओढ लागली, तर त्याचं वय बसतं, पदवी असते आणि बारावीची गुणपत्रिका आडवी येते.

ॲफकॅट २०११ पासून घेतली जाते, वर्षातून दोनदा. सीडीएसही दोनदा होते. म्हणजे कागदावर तरी चार वर्षांत भरपूर प्रयत्न हाताशी असतात. लेखी परीक्षेनंतर येते निवड मंडळाची मुलाखत. देहरादून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी अशा ठिकाणी उमेदवारांच्या छातीवर नंबर लागतात आणि मानसशास्त्रीय चाचण्या, गटचर्चा, मैदानावरचे अडथळे, प्रत्यक्ष मुलाखत असे काही दिवस जातात. पहिल्याच दिवशी परत पाठवला तो ‘स्क्रीन आउट’, शेवटच्या दिवशी परत पाठवला तो ‘कॉन्फरन्स आउट’, आणि पुन्हा आलेला तो ‘रिपीटर’. या शब्दाला तिथे कमीपणा नाही. बराकीत नवख्यांना चहा कुठे मिळतो इथपासून चित्रावरून गोष्ट कशी लिहायची इथपर्यंत सगळं सांगतो तो रिपीटरच. मध्य प्रदेशातल्या नीमचच्या चहाविक्रेत्याची मुलगी आंचल गंगवाल हिची हवाई दलात निवड झाली ती मंडळासमोरच्या सहाव्या प्रयत्नात. मधल्या काळात तिने पोलीस उपनिरीक्षकाची आणि कामगार निरीक्षकाची नोकरी केली. जून २०२० मध्ये ती डुंडिगलच्या अकादमीतून अधिकारी होऊन बाहेर पडली. माणूस घडत जातो, वीस वर्षांचा गोंधळलेला मुलगा तेविसाव्या वर्षी वेगळा असू शकतो, हे मुलाखतीच्या या पद्धतीने मान्य केलेलं आहे.

मशीनने मात्र ते मान्य केलेलं नाही.

फ्लाइंग ब्रँचच्या उमेदवाराला मुलाखतीखेरीज वैमानिक योग्यतेची वेगळी चाचणी द्यावी लागते. जुन्या लोकांच्या तोंडी ती अजून ‘पीएबीटी’ आहे. आधी विमानाच्या उपकरणांच्या तबकड्या वाचायच्या: उंची किती, वेग किती, विमान कोणत्या बाजूला कललंय. ते जमलं तर यंत्रासमोर बसायचं. हातात दांडी, पायाखाली पेडल, समोर सरकणारा ठिपका. तो ठिपका चौकटीत धरून ठेवायचा आणि तेवढ्यात लागणारे दिवे, वाजणारे आवाज यांनाही दाद द्यायची. थोडा सराव देतात, मग मोजणी सुरू. २०१२ च्या आसपास या जुन्या यंत्रांची जागा संगणकीकृत निवड प्रणालीने घेतली. डीआरडीओच्या प्रयोगशाळांनी ती तयार केली. यंत्रं बदलली, नियम तोच राहिला. ही चाचणी आयुष्यात एकदाच. पास झालात तर तो निकाल पुढच्या प्रयत्नांनाही चालतो. नापास झालात तर वयाची पाच वर्षं शिल्लक असली तरी वैमानिकाचा रस्ता संपला.

नियमामागे तर्क आहे. हात, पाय, डोळे आणि कान यांचा मेळ किती उपजत आहे, हे या चाचणीला मोजायचं असतं. चार वेळा बसू दिलं तर उपजत किती आणि घोटलेलं किती, हे कळेनासं होतं. शिवाय उमेदवार मुबलक आणि जागा मोजक्या, म्हणून गाळणी कडक असलेली निवडणाऱ्याला परवडते. पण तर्कात एक भोकही आहे. आज बाजारात जॉयस्टिक मिळतात, फोनवर याच चाचणीची नक्कल करणारे खेळ मिळतात, शिकवणीवाले हुबेहूब यंत्रं बांधून ठेवतात. पैसे आणि माहिती असलेला मुलगा पहिल्यांदाच घोटून येतो. धुळ्याहून किंवा गोंदियाहून थेट आलेला मुलगा त्या दांडीला आयुष्यात प्रथम हात लावतो. ‘एकदाच’ या नियमाने सरावाचा फायदा संपत नाही, तो काहींच्याच वाट्याला जातो.

या साऱ्या प्रश्नात एक नाव टाळता येत नाही. ए. पी. जे. अब्दुल कलाम मद्रासहून विमान अभियांत्रिकी शिकून बाहेर पडले आणि देहरादूनला हवाई दलाच्या मुलाखतीला गेले. पंचवीस जणांत त्यांचा नंबर नववा आला. जागा आठ होत्या. ‘अग्निपंख’ वाचलेल्या घराघरांत ही गोष्ट माहीत आहे. पुढची गोष्ट तेवढी सांगितली जात नाही: संगणकीकृत निवड प्रणालीची मूळ कल्पना कलामांचीच, संरक्षणमंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार असताना त्यांनी मांडलेली. एका जागेने हुकलेल्या माणसाने पुढच्या पिढ्यांची निवड अधिक शास्त्रीय व्हावी म्हणून यंत्र सुचवलं. ८ जून २००६ रोजी, चौऱ्याहत्तराव्या वर्षी, राष्ट्रपती म्हणून ते पुण्याच्या लोहगाव तळावरून सुखोई-३० मधून उडाले. २५ नोव्हेंबर २००९ रोजी त्याच तळावरून प्रतिभाताई पाटीलही सुखोईत बसल्या. त्यांचंही वय तेव्हा ७४ होतं. मागच्या आसनावर बसायला वयाची अट नसते, हे यातून कळतं. पुढच्या आसनाचं काय, हा प्रश्न उरतो.

ते आसन तरुणांसाठीच का राखलेलं असतं? लोकांना वाटतं, शरीर साथ देत नाही म्हणून. हे कारण अर्धंच खरं आहे. चाळिशीतले विंग कमांडर लढाऊ विमानं उडवतात आणि नागरी कंपन्यांत साठी ओलांडलेले कॅप्टन दोनशे प्रवासी घेऊन जातात; व्यावसायिक वैमानिकाला ६५ पर्यंत उडता येतं. खरी अडचण आहे ती शिडीची. डुंडिगलला पिलाटसवर सुरुवात, मग हकिमपेट किंवा बिदरला पुढची विमानं, त्यानंतर स्क्वाड्रनमध्ये रुळायला आणखी काही वर्षं. दोन विमानांचं नेतृत्व करण्याची पात्रता, मग चारांचं. अल्पसेवा कमिशन फ्लाइंग ब्रँचला १४ वर्षांचं असतं. विसाव्या-बाविसाव्या वर्षी आलेला माणूस पस्तिशीपर्यंत पूर्ण किंमत वसूल करून देतो. तिशीत आलेला शिकून तयार होईपर्यंत त्याच्या वयाचे लोक हुद्द्याने त्याच्या बरेच वर गेलेले असतात. एखाद्या खात्याने हिशेब असा मांडला तर त्याला दोष देता येत नाही. मात्र तो हिशेब आहे, निसर्गनियम नव्हे. गरज पडली की तो बदलतो, आणि बदललेला आहे.

१९२९ साली इंग्लंड आणि भारत यांच्यामधलं अंतर कोणत्याही दिशेने एकट्याने पहिल्यांदा उडून जाणाऱ्या भारतीयासाठी आगाखानांनी बक्षीस लावलं होतं. ‘मिस इंडिया’ नावाच्या विमानातून मनमोहन सिंग आधी पोचले, पण महिन्याची मुदत ओलांडली म्हणून बक्षीस हुकलं. ते मिळालं अस्पी इंजिनिअर या किशोरवयीन मुलाला, आणि जे. आर. डी. टाटा थोडक्यात मागे राहिले. इंजिनिअर हवाई दलात गेले आणि पुढे हवाई दलप्रमुख झाले. मनमोहन सिंगांच्या आयुष्यात लष्करी गणवेश आला तो दुसरं महायुद्ध सुरू झाल्यावर. भारतीय हवाई दलाच्या स्वयंसेवक राखीव दलाने नागरी वैमानिकांना हाक दिली आणि तेहतिशीतले सिंग त्यात दाखल झाले. ३ मार्च १९४२ रोजी ऑस्ट्रेलियातल्या ब्रूमच्या बंदरावर जपानी विमानांनी हल्ला केला, त्यात ते मारले गेले. शांततेच्या काळात त्या वयाच्या माणसाला कुणी कॅडेट म्हणून घेतलं नसतं.

अमेरिकेत जेम्स स्टुअर्ट या नटाची गोष्ट अशीच. १९४० मध्ये सैन्याने त्याला परत पाठवलं, कारण वजन कमी भरलं. त्याने खाऊन-पिऊन वजन वाढवलं आणि पुन्हा गेला. ऑस्कर हाती पडून महिनाही झाला नव्हता, तेव्हा मार्च १९४१ मध्ये तो साधा शिपाई म्हणून भरती झाला. वय ३२. हवाई कॅडेटसाठीची मर्यादा त्याने केव्हाच ओलांडली होती. पण खिशात पदवी आणि व्यावसायिक वैमानिकाचा परवाना होता. त्या जोरावर १९४२ च्या जानेवारीत तो अधिकारी झाला. पुढे बी-२४ बाँबफेकी विमानांतून त्याने युरोपवर वीस मोहिमा केल्या आणि १९५९ मध्ये राखीव दलात ब्रिगेडियर जनरलपदी पोचला. म्हणजे परवाना असेल तर वयात सूट, ही आपल्या ॲफकॅटमधली तरतूद काही नवी नाही.

डग्लस बेडरची गोष्ट पुन्हा अर्ज करण्याच्या विषयातली सर्वांत टोकाची. डिसेंबर १९३१ मध्ये खाली उतरून कसरत दाखवताना विमान आपटलं आणि दोन्ही पाय गेले. कृत्रिम पायांवर तो पुन्हा उडू लागला, तरी ब्रिटिश हवाई दलाने १९३३ मध्ये त्याला निवृत्त केलं. नियमांत असं कुठलंही कलम नव्हतं की ज्याखाली त्याला ठेवता येईल. युद्ध सुरू होताच त्याने पुन्हा दार ठोठावलं, चाचणीचं उड्डाण केलं आणि फेब्रुवारी १९४० मध्ये डक्सफर्डच्या १९ स्क्वाड्रनमध्ये रुजू झाला. फ्रेंच लेखक आणि वैमानिक आँत्वान द सँतेक्झुपेरीने मात्र या सवलतीची किंमत मोजली. लाइटनिंग विमानांच्या वैमानिकांसाठीची वयोमर्यादा त्याने केव्हाच ओलांडली होती. एका अपघातानंतर त्याला जमिनीवर बसवलं होतं, पण वरपर्यंत रदबदली करून तो परत आला. ३१ जुलै १९४४ रोजी कॉर्सिकाहून टेहळणीला निघाला तो परतलाच नाही. तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. वयोमर्यादा हटवा म्हणणाऱ्यांनी बेडरइतकाच त्याचाही विचार करायला हवा.

युद्ध नसतानाही माणसं कमी पडली की नियम वाकतात, हे अमेरिकेच्या हवाई दलाने अलीकडे दाखवलं. तिथे वैमानिकांचा तुटवडा वर्षानुवर्षं दोन हजारांच्या घरात आहे. वैमानिक प्रशिक्षणाची मर्यादा २०२० मध्ये तिथे ३० वरून ३३ वर नेली गेली. अमेरिकी भूदल तर हेलिकॉप्टरचे वॉरंट ऑफिसर थेट नागरी जीवनातून घेतं. पदवीची सक्ती नाही आणि वय ३३ च्या आत चालतं. राज्याराज्यांतल्या एअर नॅशनल गार्डच्या तुकड्या आपापले वैमानिक स्वतः निवडतात. आपल्या मुद्द्याला महत्त्वाचं हे की, तिथली दांडी-पेडलची चाचणी ठरावीक काळ थांबून पुन्हा देता येते आणि उमेदवाराच्या एकूण गुणांत त्याने नागरी विमानावर घालवलेले तासही धरले जातात. हात सुधारतात, असं ती पद्धत मानते.

आपल्याकडे नोकरीधंदा सांभाळून उडणाऱ्यांना जागा नव्हतीच असं नाही. १९५२ चा राखीव आणि सहायक हवाई दल कायदा त्यासाठीच होता. त्याखाली मोठ्या शहरांत सहायक स्क्वाड्रन उभ्या राहिल्या आणि पुढे मोडीत निघाल्या. ती वाट पुन्हा कुणी फारशी चाललं नाही.

चालू आहे ती वाट नाशिकहून जाते. भूदलाचं हवाई दळ १ नोव्हेंबर १९८६ रोजी स्वतंत्र झालं, पण त्याचं मूळ तोफखान्याच्या निरीक्षण विमानांत आहे. तोफगोळा कुठे पडतोय हे वरून पाहणारे अधिकारी तोफखान्याचेच असत. त्यामुळे आधी दुसऱ्या शाखेत अधिकारी व्हायचं, काही वर्षं सेवा करायची आणि मग वैमानिकीसाठी नाव द्यायचं, ही भूदलाची जुनी पद्धत. नाशिक रोडजवळच्या गांधीनगर तळावरच्या लढाऊ हवाई प्रशिक्षण शाळेत हे अधिकारी हेलिकॉप्टर शिकतात. कॅप्टन अभिलाषा बराक सप्टेंबर २०१८ मध्ये भूदलाच्या हवाई संरक्षण शाखेत दाखल झाली. तेव्हा हवाई दळात महिलांना जमिनीवरचीच कामं होती. धोरण बदललं, तिने अर्ज केला आणि २५ मे २०२२ रोजी नाशिकला आणखी ३६ वैमानिकांबरोबर तिच्या छातीवर पंख लागले. लढाऊ वैमानिक झालेली ती भूदलातली पहिली महिला. हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचचं दार थेट अर्जदाराला ज्या वयात बंद झालेलं असतं, त्या वयात ती वैमानिक झाली. यात एक मेख मात्र आहे. पहिल्या खेपेला १५ महिला अधिकाऱ्यांनी नावं दिली होती, आणि योग्यता चाचणी व वैद्यकीय तपासणीतून दोघीच पुढे गेल्या. मशीन इथेही आहेच.

महिलांच्या बाबतीत ‘उशीर’ या शब्दाचा अर्थच वेगळा होतो. नव्वदच्या दशकात त्यांना वाहतूक विमानं आणि हेलिकॉप्टरं मिळाली. लढाऊ विमानांना मंजुरी २०१५ मध्ये आली, आणि अवनी चतुर्वेदी, भावना कांत, मोहना सिंग यांना जून २०१६ मध्ये कमिशन मिळालं. खडकवासल्याच्या एनडीएत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये आली. २०१५ साली जिची पंचविशी उलटली होती, तिचा काहीच उशीर झाला नव्हता. दारच उशिरा उघडलं. अशा मधल्या पिढ्यांसाठी एकदाच्या सवलतीचा विचार व्हायला हरकत नव्हती.

वैद्यकीय तपासणी उमेदवारांना सर्वांत जास्त घाबरवते, पण तिथे दाद मागता येते. नकार मिळाला तर ४२ दिवसांत अपील मंडळाकडे जाता येतं. उंची १६२.५ सेंटिमीटर, पायाची लांबी ९९ ते १२० च्या दरम्यान, मांडी ६४ च्या आत, ही मापं कॉकपिटच्या आकारातून आलेली आहेत. त्यांच्याशी वाद घालून उपयोग नाही. डोळ्यांचं मात्र उशिरा येणाऱ्याने नीट समजून घ्यायला हवं. लघुदृष्टीचा चष्मा चालत नाही. लेझर शस्त्रक्रिया चालते, पण ती विसाव्या वर्षानंतर झालेली असावी आणि तिला किमान बारा महिने उलटलेले असावेत. म्हणजे चष्मा असलेल्याचं खरं वय २१ ला सुरू होतं. त्याच्या चार वर्षांतलं एक डोळ्यांत जातं.

आता मूळ मुद्दा. महालेखापरीक्षकांच्या डिसेंबर २०२४ मधल्या अहवालानुसार, फेब्रुवारी २०१५ मध्ये हवाई दलाला ४८६ वैमानिक कमी होते. ते भरून काढण्यासाठी दरवर्षी २२२ प्रशिक्षणार्थी घ्यायचं ठरलं, तेवढे घेतले गेले नाहीत, आणि २०२१ अखेर तुटवडा ५९६ वर गेला. त्याच अहवालात पिलाटस विमानांच्या तेलगळतीचीही तक्रार आहे, तेव्हा सगळा दोष भरतीच्या नियमांवर टाकणं अन्यायाचं होईल. पण माणसं कमी असताना ‘आयुष्यात एकदाच’ हा नियम तसाच ठेवण्याचं कारण पटत नाही. बारामतीला किंवा गोंदियाला लाखो रुपये खर्चून दोनशे तास उडालेला, परवाना मिळवलेला मुलगा अठराव्या वर्षी मशीनवर चुकला होता, म्हणून पंचविसाव्या वर्षी अपात्र ठरतो, आणि दुसऱ्या दिवशी एखादी विमान कंपनी त्याच्या हाती प्रवासी सोपवते. वय सरसकट ३३ करावं, असं म्हणण्यात अर्थ नाही. आपली शिडी अमेरिकेची नाही. परवानाधारकाला, ठरावीक तासांच्या उड्डाणानंतर, मशीनवर आणखी एक संधी द्यावी. हवं तर तेवढ्यांसाठी उत्तीर्णतेची रेघ वर न्यावी. नापास होणारे तरीही नापासच होतील.

तोवर, ज्यांच्याकडे अजून वय आहे त्यांच्यासाठी एक तारखेची गोष्ट. जाहिरातीतलं २४ हे वय अर्जाच्या दिवशीचं नसतं, कोर्स सुरू होण्याच्या दिवशीचं असतं, आणि ॲफकॅटचा अर्ज कोर्सच्या जवळपास वर्षभर आधी भरावा लागतो. जानेवारी २०२७ च्या कोर्ससाठी अर्ज २०२५ संपण्यापूर्वीच मागवले गेले. म्हणून अर्ज भरताना तेविसावा वाढदिवस नुकताच झालेला असेल, तर कोर्सच्या तारखेला चोविशी उलटलेली असू शकते. परवानाधारकाचं २६ सुद्धा असंच पंचविशीत संपतं. मशीनवर अजून बसला नसाल, तर तयारी पूर्ण झाल्याखेरीज बसू नका.